बत्तीशीची मागची खोली

गल्लीत त्याला बत्तीशी म्हणतात. तोंडावर दादा म्हणतात. तो कवळ्या बनवतो.

दातांचे डॉक्टर वेगळे. ते तोंडात बघतात, ठसा घेतात आणि डबीत घालून दादाकडे पाठवतात. दादा त्या ठशात प्लास्टर ओतून जबडा काढतो. मेणावर दात मांडतो. मग मेणाच्या जागी हिरड्यांच्या रंगाचं गुलाबी प्लास्टिक भरतो, घासतो, चमकवतो. बहुतेक वेळा माणूस त्याला दिसतच नाही. जबडा दिसतो. पण रस्त्यात कुणी हसलं की तो थबकतो, "माझं काम," असं पुटपुटतो आणि पुढे जातो. एकदा आम्ही एका शेजाऱ्याच्या अंत्यदर्शनाला गेलो होतो. सगळे मान खाली घालून उभे होते. दादा जरा वाकला, माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "वरची माझी. खालची दुसऱ्या कुणाची तरी."

मी त्याच्या वरच्या मजल्यावर राहतो. साहित्य घेऊन शिकलो. दादाच्या मते त्यामुळे माझं फार नुकसान झालेलं नाही.

त्याच्याकडे एक शब्द बंद आहे. खोटे. कवळी सैल झाली की काही लोक डॉक्टरला वळसा घालून थेट दादाकडे येतात. त्यातला कुणी चुकून म्हणाला, "हे खोटे दात जरा टोचतात हो," की दादा हातातलं काम खाली ठेवतो.

"जेवता ना त्यांनी?"

"जेवतो."

"चावतं?"

"चावतं."

"मग खोटे कसले? जो चावतो तो दात."

आणि मग त्या माणसाची कवळी अशी बसवून देतो की तो घरी जाताना वाटेत उगाच दात वाजवून बघतो.

घर तळमजल्यावर. पुढे कवळ्यांचं काम चालतं. दादा त्याला लॅब म्हणतो, वहिनी दुकान म्हणतात. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. त्यामागे स्वयंपाकघर, त्याला लागून झोपायची खोली, आणि सगळ्यांत शेवटी मागची खोली. मागच्या खोलीत भिंतीत ठोकलेला टीव्ही, त्याखाली व्हिडिओ गेमचा काळा कन्सोल, समोर जुना सोफा. सोफ्यात दादाच्या आकाराचा खड्डा आहे. त्या खड्ड्यात दुसरं कुणी बसलं तर कडेला घरंगळतं. खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडते, म्हणजे उघडून काही उपयोग नाही.

दादाला ही खोली जिवापाड प्रिय.

"दिवसभर तोंडं उघडी बघतो," तो मला एकदा म्हणाला. "इथे आलो की एकही नसतं."

दर रविवारी दुपारी मी तिथे हरायला जातो. गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ आहे. समुद्राकाठचा रस्ता, मोठमोठी वळणं. दादा जिंकतो आणि जिंकल्यावर कधी हसत नाही. फक्त कंट्रोलर मांडीवर ठेवून अंगठे मोडतो. वहिनी कंट्रोलरला रिमोट म्हणतात. दादाने तो शब्दही बंद करून पाहिला. वहिनींच्या बाबतीत बंदी चालली नाही.

तर त्या रविवारी मी जेवायलाच होतो. वहिनी पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "आईला इकडे आणायचं ठरवलंय."

"आणायलाच हवं," दादा म्हणाला. "गुडघे पार गेलेत त्यांचे. तो तिसरा मजला म्हणजे शिक्षा आहे."

"मागच्या खोलीत."

दादाचा घास हवेतच राहिला.

"तिथे कन्सोल आहे."

"माहितीये. धूळ मीच पुसते."

"मग मी खेळू कुठे?"

"टॅबवर खेळा. आई खेळते ना. तुमच्या गाड्यांचा तोच खेळ. इथे बसून खेळा, बाहेर पायरीवर बसून खेळा. टॅबला काय खोली लागते?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. घरात साप निघाल्यावर माणूस शेजाऱ्याकडे बघतो तसं.

"टॅब," तो सावकाश म्हणाला, "हे खेळायचं यंत्रच नव्हे."

वादाला तोंड फुटलं ते असं. आता वहिनींचं म्हणणं सरळ होतं. टॅबवर खरंखुरं खेळता येत असेल, तर दादाला खोलीची गरज नाही. येत नसेल, तर आईंची दुसरी सोय बघू. दुसरी सोय म्हणजे काय, हे दादाने लगेच सुचवलंही.

"लॅबमध्ये पलंग टाकू. उजेड आहे, वारा आहे."

"आणि फळीवर सगळे जबडे. सकाळी डोळे उघडले की सगळं गाव तिला बघून हसतंय."

दादाने तो मुद्दा सोडून दिला आणि यंत्राकडे वळला. त्याची मतं तयार होती. मला वाटतं, बरीच वर्षं तयार होती. कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

"खेळायचं यंत्र ते, जे दुसरं काहीही करत नाही. टॅबवर तू विजेचं बिल भरतेस. भाजी कशी करायची ते बघतेस. तुझ्या भावाच्या मुलाचं बारसं बघतेस. कन्सोलला सांग बघ बिल भरायला. हलणार नाही जागचा. तो फक्त खेळतो, खातो वीज आणि बसून राहतो."

"तुमच्यासारखा," वहिनी म्हणाल्या.

"दुसरं. बटण दाबलं की खाली गेलं पाहिजे. अंगठ्याला कळलं पाहिजे. काचेवर बोट फिरवणं म्हणजे खिडकी पुसणं. तिसरं, पंखा. खरं यंत्र घुमतं. आत काहीतरी मेहनत चाललीये हे ऐकू आलं पाहिजे."

"टॅबसुद्धा तापतो."

"तो तापतो. तापणं वेगळं."

मी भात कालवत होतो. दादाने अचानक माझ्याकडे बोट केलं.

"हा पंच. हा साहित्य शिकलाय. ह्याला कुठल्याच गोष्टीत फायदा नाही."

असा मी पंच झालो.

पुढच्या रविवारी आजी आल्या. म्हणजे वहिनींच्या आई. बारीक अंगाच्या, आवाज कोरडा, आणि तोंडात दादाच्या हातची कवळी. रिक्षातून उतरल्या तेव्हा टॅब छातीशी धरलेला होता, दुसऱ्या हातात काठी. टॅब मुलाने पाठवलेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर चित्रं मोठी दिसतात म्हणून दिला आणि आजी गाड्यांच्या खेळात अडकल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणे मला खेळाडू मानत नाही."

"तुम्हाला मानतो, आई. यंत्राला मानत नाही."

"माझी गाडी समुद्रात पडते तेव्हा मी मरते. तुमची पडते तेव्हा तुम्ही मरता. मरण तर एकच आहे ना?"

 दादाने त्यांची पिशवी उचलली.

शर्यत एकच होणार होती. खेळ असा की, टॅबवरून आणि कन्सोलवरून एकाच रस्त्यावर उतरता येतं. दादा मागच्या खोलीत, आपल्या खड्ड्यात. आजी स्वयंपाकघरात, टेबलाशी. दोन दारांच्या मधल्या बोळात मी. मला दोन्ही पडदे दिसत होते. आजी जिंकल्या तर खोली त्यांची.

आधी सराव म्हणून एक फेरी झाली. आजींचे हात थरथरतात, हे मला तेव्हा कळलं. टॅब मोठा आणि गुळगुळीत. तो टेबलावर सरकत होता. अंगठा कुठे ठेवायचा ते बघायला त्या सारख्या खाली बघत होत्या, आणि वर बघेपर्यंत गाडी समुद्रात. एकदा, दोनदा, मग मोजायचं सोडून दिलं. दादाने रस्ता संपवून गाडी उभीसुद्धा केली होती. तो बोळात आला.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. "हा पुरावा. यंत्र खोटं."

त्याने स्वतः कशाला तरी खोटं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

वहिनी म्हणाल्या, "हात थरथरतात तिचे. हा काय न्याय झाला?"

"हात थरथरतात म्हणूनच तर सांगतो. कन्सोलचा कंट्रोलर हातात बसतो. हा बसत नाही."

आणि बोलता बोलता त्याने आजींच्या हातांकडे पाहिलं.

ती नजर मी ओळखतो. दुकानात कुणी बोलताना कवळी टकटक वाजली की दादा असा बघतो. बोलणं ऐकू येत नाही त्याला. फक्त सैलपणा ऐकू येतो. आजींनी टॅब सावरायला पुन्हा उचलला. तो पुन्हा सरकला. दादाच्या कपाळाची शीर उडाली.

"शर्यत आज नको," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी."

"का बरं?" आजी म्हणाल्या. "मी तयार आहे बुडायला."

"हात द्या."

त्याने टॅब प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला. मोठ्या रबरी वाटीत ठसा घ्यायचं पीठ कालवलं. पीठ म्हणजे पुडीतली भुकटी. पाण्यात कालवली की लापशीसारखी होते आणि बघता बघता रबरासारखी घट्ट होते. टॅबच्या दोन्ही कडांना त्याने तिचे गोळे थापले आणि आजींना म्हणाला, "धरा. जसा धरता तसाच. हलू नका."

"गार आहे."

"तोंडात घातल्यावर जास्त गार लागतं. सवय आहे तुम्हाला."

आजी हात तसेच धरून बसल्या. दादा शेजारी उभा राहून त्यांच्या बोटांकडे बघत होता. मला राहवलं नाही.

"दादा, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"म्हणजे?"

"ह्या चांगल्या खेळल्या तर तुझी खोली जाते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला हे माहीत होतं. पण त्या क्षणी ते दुसऱ्या कुणाचं तरी दुखणं असावं, असा चेहरा होता.

"सैल आहे रे ते," तो म्हणाला. "सोडवत नाही."

तो आठवडा डॉक्टरांच्या डब्या खोळंबल्या. एक मास्तर कवळी घ्यायला आले आणि अजून आठवडाभर पातळच खा, असं ऐकून परत गेले. दादा मुठी घडवत होता. टॅबच्या दोन्ही बाजूंना दोन मुठी, हिरड्यांच्या त्याच गुलाबी प्लास्टिकच्या, आजींच्या तळव्याच्या प्रत्येक उंचवट्याला जागा करून दिलेल्या. काचेवर जिथे अंगठे टेकायचे तिथे दोन छोटी गुलाबी कडी, म्हणजे न बघता बोटाला ठिकाण सापडावं. मी शनिवारी डोकावलो तर तो त्यांना पॉलिश करत होता. दुरून बघितलं तर कुणा राक्षसाची कवळी वाटावी.

मग आजींना बोलावून त्यांच्या हातावर बसवून बघणं झालं.

"लागतंय कुठे?" दादाने विचारलं.

"डाव्या अंगठ्याच्या मुळाशी."

त्याने जरासं घासलं. "आता?"

"जरासं."

पुन्हा घासलं. "आता?"

"आता माझाच हात वाटतोय."

"चार दिवस वापरा," दादा सवयीने म्हणाला. "काही टोचलं तर या."

"येऊ कुठून?" आजी म्हणाल्या. "इथेच तर राहायचंय."

रविवारी दुपारी वहिनींनी टेबल पुसून ठेवलं. आजी बसल्या. दादा मागच्या खोलीत गेला आणि अंगठे मोडले. कन्सोलचा पंखा घुमायला लागला. मी बोळात उभा राहिलो. शिकताना शोकांतिका पुष्कळ वाचल्या होत्या. समोर घडताना पाहिली नव्हती.

सुरुवात झाली. दादा पुढे गेला. तो चांगला खेळतो, यात वादच नाही. पहिली वळणं त्याने अशी घेतली की त्याच्या गाडीच्या मागे नुसता धूर दिसत होता. पण आजींची गाडी समुद्रात पडली नाही. ती रस्त्यावर राहिली. आजी खाली बघत नव्हत्या. अंगठे कड्यांत बसले होते आणि त्या नुसत्या समोर बघत होत्या, हातात टॅब दगडासारखा स्थिर. हळूहळू अंतर कमी झालं. शेवटच्या मोठ्या वळणाआधी त्यांची गाडी दादाच्या गाडीला येऊन भिडली.

वळणावर दोघे शेजारी शेजारी होते. दादाच्या पडद्यावर आजींची लाल गाडी दिसत होती. ती वळणाच्या आतल्या कडेने निघाली. सरळ, एक धक्का नाही, एक डगमग नाही.

"अरे बघ," दादा म्हणाला.

मी आत डोकावलो. तो सोफ्याच्या खड्ड्यातून अर्धा उठला होता. डोळे लाल गाडीवर.

"हलत नाही. बघ ना, अजिबात हलत नाही."

"दादा, वळण."

"काय बसलीये."

त्याची स्वतःची गाडी सरळ गेली, कठडा तोडून, आणि समुद्रात पडली.

 स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "जिंकलीस ना गं?"

"ते जावईबापूंना विचार," आजी म्हणाल्या. "ते मानत नाहीत."

दादा बाहेर आला. कंट्रोलर हातातच होता. तो टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर दोन माणसं भांडताना दिसत होती. मग त्यातला खोलीचा मालक वर आला.

"ही शर्यत धरता येणार नाही," तो म्हणाला. "मूठ मी लावली. मुठीमुळे जमलं. ते टॅबचं कर्तृत्व नव्हे. खऱ्या यंत्राला असा लावलेला आधार लागत नाही. तोंडात बाहेरून काहीतरी बसवायचं आणि मग म्हणायचं..."

तो तिथेच थांबला. काय म्हणून बसलो ते त्याला आमच्या आधी कळलं.

  आजींनी मुठींतून एक हात सोडवला, टेबलावरच्या टोपलीतून एक सफरचंद उचललं, साडीला पुसलं आणि पुढच्या दातांनी चावलं.

कवळीने सफरचंद असं चावणं सोपं नसतं. मागून उचलली जाते, हे दादानेच मला शिकवलेलं. ही जागची हलली नाही. कर्रकन आवाज झाला.  आजी शांतपणे चघळत राहिल्या, जावयाकडे बघत.

दादाने माझ्याकडे पाहिलं.

"पंच, बोल काहीतरी."

मला बोलायला फार थोडं होतं.

"चावलं, दादा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि आजींच्या समोरची खुर्ची ओढली. बसल्यावर म्हणाला, "मागून जरा उचलल्यासारखी वाटली का?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला. मला वाटतं, खोली गेली ती त्या क्षणी.

आजी त्याच आठवड्यात राहायला आल्या. पलंग आला, काठीला कोपरा मिळाला. सोफा काढायचा ठरला, पण तो दारातून निघेना. शेवटी आजींनीच तो ठेवायला सांगितला. खड्ड्यात उशी घातली की गुडघ्यांना बरं पडतं म्हणाल्या. टीव्ही भिंतीत ठोकलेला, म्हणून तो राहिला. टीव्ही राहिला म्हणून कन्सोलही राहिला. आणि दुपारी रिकाम्या वेळी समोर पडलेला कंट्रोलर आजी किती दिवस नुसता बघत बसणार?

"बटण खाली जातं," त्यांनी मला सांगितलं. "अंगठ्याला कळतं हो. जावईबापू अगदीच चुकीचं बोलत नव्हते."

मी गेल्या रविवारी गेलो तेव्हा मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून पंखा घुमत होता. दादा पुढे लॅबमध्ये होता. स्टुलावर बसलेला, जबड्यांच्या फळीला पाठ टेकून. हातात वहिनींचा टॅब. टॅबला गुलाबी मुठी, या वेळी दादाच्या मापाच्या.

मला बघून त्याने टॅब पालथा घातला.

"हे खेळणं नव्हे," तो म्हणाला.

"मग काय आहे?"

"तात्पुरतं."

मी शेजारी बसलो. माझा फोन काढला. आम्ही रस्त्यावर उतरलो. तो फोनला काय मानतो ते मी विचारलं नाही. पहिल्या वळणावर माझा अंगठा काचेवरून घसरला आणि मी समुद्रात गेलो. दुसऱ्यांदाही गेलो. तिसऱ्यांदा त्याने खेळ थांबवला.

"बघवत नाही," तो म्हणाला आणि उठला.

रबरी वाटी काढली. पुडी फोडली. पाणी ओतलं.

"दादा, राहू दे. फोनला कुठे मुठी लावतात?"

"हात दे."

मी हात दिले. लापशी गार होती. दोन्ही हात गोळ्यांत रुतलेले, मी हलू शकत नव्हतो, आणि फळीवरचे सगळे जबडे माझ्याकडे बघून हसत होते. वहिनी तेव्हा काय म्हणत होत्या ते मला थोडं कळलं.

मागून आजींची हाक आली.

"जावईबापू, हा तुमचा डबा फार घुमतोय हो. बिघडला की काय?"

दादाची बोटं माझ्या अंगठ्याभोवतीची कड दाबत होती. त्याने वर पाहिलं नाही.

"घुमू द्या, आई," तो म्हणाला. "काम करतोय तो." मग मला हळूच विचारलं, "लागतंय कुठे?"